घरपोच मतपत्रिका: व्हरमाँटच्या २०२४ च्या गव्हर्नर निवडणुकीत वापरलेल्या सेवेचे परीक्षण

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात दर दोन वर्षांनी नोव्हेंबरमध्ये सार्वत्रिक निवडणूक होते आणि तिच्या आधी प्रत्येक सक्रिय नोंदणीकृत मतदाराच्या घरी, त्याने मागणी केलेली नसतानाही, मतपत्रिका टपालाने येते. ही सेवा मी २०२२ आणि २०२४ अशा दोन निवडणुकांत वापरली असून हे परीक्षण मुख्यतः दुसऱ्या अनुभवावर आधारलेले आहे. २०२४ साली पदावर असलेले रिपब्लिकन गव्हर्नर फिल स्कॉट पाचव्यांदा उभे होते आणि ते निवडून येणार ही काळ्या दगडावरची रेघ होती. निकाल आधीच ठाऊक असलेल्या निवडणुकीत मतपत्रिका घरी येण्याचा उपयोग काय, हा प्रश्न मनात ठेवूनच मी ही सेवा पारखली. माझे मत असे झाले की नेमक्या अशाच वर्षी तिचा उपयोग सर्वांत जास्त होतो. मात्र जिथे तिची खरी निकड आहे त्या, पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या ऑगस्टमधील प्राथमिक निवडणुकीत ती आपणहून दारात येत नाही.

‘राज्यपाल’ हा शब्द मी येथे मुद्दाम टाळते आहे, कारण त्या शब्दाने नेमणूक झालेली व्यक्ती डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतील गव्हर्नर थेट मतांनी निवडून येतो, राज्याचे अंदाजपत्रक मांडतो, विधिमंडळाने मंजूर केलेली विधेयके नकाराधिकार वापरून परत पाठवू शकतो, आणि करवाढ झाली की लोकांच्या तोंडी पहिले नाव त्याचेच येते. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस राज्यांत त्याची मुदत चार वर्षांची असते. व्हरमाँट आणि शेजारचे न्यू हॅम्पशायर या दोनच राज्यांत ती दोन वर्षांची आहे. किती वेळा उभे राहावे यावर व्हरमाँटमध्ये बंधन नाही. दर दोन वर्षांनी परीक्षा द्यावी लागत असूनही पदावरच्या गव्हर्नरला येथील मतदारांनी शेवटचे घरी बसवले ते १९६२ साली, जेव्हा एफ. रे कायझर यांचा फिलिप हॉफ यांनी पराभव केला होता. त्यानंतर उभा राहिलेला प्रत्येक विद्यमान गव्हर्नर पुन्हा निवडून आला आहे.

स्कॉट यांची लोकप्रियता मात्र या परंपरेलाही मागे टाकणारी आहे. ग्रॅनाइटसाठी प्रसिद्ध असलेल्या बॅरी येथे जन्मलेले, बांधकाम व खोदकामाच्या व्यवसायातून आलेले आणि थंडर रोड या धावपट्टीवर वर्षानुवर्षे मोटारींच्या शर्यतीत उतरलेले हे गृहस्थ २०१६ साली सुमारे ५३ टक्के मते घेऊन गव्हर्नर झाले. २०१८ मध्ये बंदुकींवर निर्बंध घालणाऱ्या कायद्यावर त्यांनी विधिमंडळाच्या इमारतीबाहेर, विरोधकांच्या आरडाओरड्यात, सही केली. त्यामुळे त्यांच्याच पक्षातील बरेच जण दुखावले आणि त्या वर्षी त्यांना सुमारे ५५ टक्क्यांवर समाधान मानावे लागले. पुढे २०२० मध्ये ६८, २०२२ मध्ये ७१ आणि २०२४ मध्ये ७३ टक्क्यांच्या आसपास, अशी ही चढण आहे. ज्या राज्यात त्याच दिवशी अध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस यांना सुमारे ६३ टक्के मते मिळाली, तिथे एका रिपब्लिकन उमेदवाराला ७३ टक्के मिळावीत, याचा ढोबळ हिशेब केला तरी किमान एक तृतीयांश मतदारांनी एकाच कागदावर वर हॅरिस आणि खाली स्कॉट अशी खूण केली असावी असे दिसते. स्वतः स्कॉट यांनीही आपण हॅरिस यांना मत दिल्याचे सांगितले होते, तेव्हा या गटात तेही आलेच.

अशा उमेदवारासमोर उभे कोण राहणार, हा डेमोक्रॅटिक पक्षापुढचा खरा पेच होता. माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन यांनी मे महिन्यापर्यंत विचार करून उमेदवारी नाकारली, आणि मिडलबरीच्या एस्थर चार्लेस्टिन यांनी ऑगस्टमध्ये पक्षाची उमेदवारी मिळवली. राज्यपातळीवर त्या प्रथमच लढत होत्या, त्यांच्या हाती पैसा बेताचा होता, आणि अखेरीस त्यांना सुमारे २२ टक्के मते पडली. लोकप्रिय माणूस पदावर असला की समोरची बाजू आधीच शस्त्रे खाली ठेवते आणि मतदाराला निवडीऐवजी नुसते शिक्कामोर्तब उरते, ही तक्रार मला रास्त वाटते. परंतु ती तक्रार पक्षांकडे करावी लागेल, कारण टपाल जे उमेदवार आहेत त्यांचीच नावे आणून देऊ शकते.

आता प्रत्यक्ष सेवेकडे वळते. सप्टेंबरच्या उत्तरार्धात टपाल निघू लागते आणि ऑक्टोबरच्या पहिल्या काही दिवसांत ते माझ्या टपालपेटीत पडले. मोठ्या लिफाफ्यात मतपत्रिका, ती ठेवण्यासाठी एक प्रमाणपत्र-लिफाफा, परत पाठवण्यासाठी टपालखर्च आधीच भरलेला दुसरा लिफाफा आणि सूचनांचा कागद इतके साहित्य असते. मतदाराच्या खिशातून एक सेंटही जात नाही. साक्षीदाराची सही लागत नाही. मतपत्रिका भरायची, प्रमाणपत्र-लिफाफ्यात घालून तो बंद करायचा, त्यावर सही करायची, मग तो परतीच्या लिफाफ्यात घालायचा, एवढेच काम आहे. आणि इतके सोपे असूनही लोक त्यात नेमके एका जागी चुकतात, ते पुढे सांगते.

मतपत्रिकेची रचना मला आवडली. प्रत्येक पदाखाली उमेदवारांची नावे आडनावांच्या वर्णक्रमाने येतात, नावाखाली राहते गाव आणि पक्ष असतो, आणि कोण पदावर आहे याचा उल्लेख कोठेही नसतो. त्यामुळे राज्यातील सर्वांत ओळखीचे नाव, केवळ ‘एस’ अक्षराने सुरू होते म्हणून, गव्हर्नरपदाच्या यादीत खालच्या बाजूला सापडले. एकाच खुणेने एका पक्षाच्या सर्व उमेदवारांना मत देण्याची सोयही येथे नाही. प्रत्येक पदासाठी वेगळा लंबगोल काळा करावा लागतो. ज्यांना ही कटकट वाटते त्यांना वाटो, पण लाटेबरोबर पेन वाहून जाऊ नये यासाठी याहून स्वस्त उपाय मला तरी ठाऊक नाही.

माझ्या मते या सेवेचे सारे मोल त्या कागदाच्या खालच्या भागात आहे. गव्हर्नरपदाचा लंबगोल मी काही सेकंदांत भरला, आणि स्वयंपाकघरातील टेबलावर ती मतपत्रिका त्यानंतर जवळजवळ दहा दिवस पडून राहिली. विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचे, म्हणजे राज्य सिनेटचे, उमेदवार कोण, कनिष्ठ सभागृहासाठी, म्हणजे हाऊससाठी, कोण उभे आहे, शाळांच्या खर्चाबद्दल कोणाचे म्हणणे काय आहे, हे वाचायला मला तेवढे दिवस लागले. व्हीटीडिगर हे वृत्तस्थळ आणि बर्लिंग्टनचे सेव्हन डेज साप्ताहिक यांतील मजकूर चाळून, दोन शेजारणींशी वाद घालून, एकदा केलेला विचार बदलून मी एकेक खूण करत गेले. मतदानकेंद्रावरच्या आडोशात, पाठीमागे रांग उभी असताना, मी हे करू शकले असते असे वाटत नाही. तिथे बहुतेक जण ओळखीचे नाव शोधतात, आणि उरलेल्या जागी पक्ष पाहतात किंवा त्या कोऱ्याच सोडतात.

२०२४ मध्ये हा खालचा भाग नेहमीपेक्षा कितीतरी महत्त्वाचा होता. त्या वर्षी शाळांच्या खर्चामुळे मालमत्ता करात सरासरी १३.८ टक्के वाढ ठरली होती. त्या संबंधीच्या विधेयकावर स्कॉट यांनी नकाराधिकार वापरला, आणि दोन तृतीयांशांहून अधिक जागा हाती असलेल्या डेमोक्रॅट व प्रोग्रेसिव्ह या तिसऱ्या पक्षाच्या सदस्यांनी जूनमध्ये तो मोडून काढला. तेव्हा स्कॉट यांना स्वतःसाठी मते मागण्याची गरज नव्हती. प्रचारात त्यांनी विधिमंडळात समतोल आणा, आपले रिपब्लिकन सहकारी पाठवा, असा आग्रह धरला. म्हणजे गव्हर्नर कोण हा प्रश्न मतपत्रिकेवर नावापुरता होता आणि त्या गव्हर्नरचा नकार टिकणार की नाही हा खरा प्रश्न काही खाने खाली, फारशा परिचित नसलेल्या नावांच्या रूपाने विचारलेला होता. निकालानंतर तीस जणांच्या सिनेटमध्ये रिपब्लिकन सदस्य ७ वरून १३ झाले, दीडशे जणांच्या हाऊसमध्येही त्यांची संख्या ठळकपणे वाढली, आणि नकाराधिकार मोडण्याइतके बहुमत दोन्ही सभागृहांत विरोधकांकडे उरले नाही. ज्याने फक्त वरचे काही खाने भरून लिफाफा बंद केला असेल, त्याने त्या वर्षीच्या मुख्य प्रश्नाला उत्तरच दिले नाही.

पदावर असणे म्हणजे आपोआप अभय नव्हे, हेही त्याच कागदाने दाखवले. उपगव्हर्नर डेव्हिड झुकरमन हेही विद्यमानच होते. त्यांच्याविरुद्ध उभे असलेले जॉन रॉजर्स हे पूर्वाश्रमीचे डेमोक्रॅट, आता रिपब्लिकन. रॉजर्स यांना अधिक मते मिळाली, पण ती निम्म्यापर्यंत पोचली नाहीत. व्हरमाँटच्या राज्यघटनेनुसार गव्हर्नर, उपगव्हर्नर आणि कोषाध्यक्ष या तीन पदांसाठी कोणालाही स्पष्ट बहुमत मिळाले नाही तर निवड विधिमंडळाच्या गुप्त मतदानाने होते. त्याप्रमाणे जानेवारी २०२५ मध्ये डेमोक्रॅटांचे बहुमत असलेल्या विधिमंडळानेही रॉजर्स यांनाच निवडले.

कागदाच्या अगदी तळाशी जी पदे येतात त्यांच्याबद्दल थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. ‘हाय बेलिफ’ नावाचे एक जिल्हापद तेथे असते. शेरीफलाच, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस अधिकाऱ्यालाच, अटक करण्याची वेळ आली तर ते कोणी करायचे, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हा अधिकारी. एरवी त्याला काम जवळजवळ नसते. त्याखाली ‘जस्टिस ऑफ द पीस’ या पदासाठी गावातल्याच माणसांची लांबलचक यादी असते. ही मंडळी लग्ने लावतात, मालमत्ता कराच्या आकारणीवरील अपिले ऐकतात आणि निवडणुकीचे कामही पाहतात. म्हणजे आपली मतपत्रिका ज्यांच्या हाताखालून जाणार त्यांचीच नावे त्या मतपत्रिकेच्या शेवटी असतात. एक हजारांहून कमी मतदारांच्या कित्येक गावांत यंत्राशिवाय, हातानेच मोजणी होते, हे लक्षात घेतले तर या यादीकडे दुर्लक्ष करणे शहाणपणाचे नाही.

आता चुकीबद्दल. २०२२ मध्ये मी प्रमाणपत्र-लिफाफ्यावर सही करायला विसरले होते. सही नसेल तर मत मोजले जात नाही. पूर्वी अशी मतपत्रिका बाद होऊन पडत असे आणि मतदाराला त्याचा पत्ताही नसे. २०२० च्या ऑगस्टमधील प्राथमिक निवडणुकीत अशा वेगवेगळ्या दोषांमुळे हजारो मतपत्रिका बाद झाल्या होत्या. २०२१ च्या कायद्याने दोष दुरुस्त करण्याची मुभा दिली. मला टाउन क्लर्ककडून, म्हणजे गावाचे दप्तर व निवडणुका सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडून, कार्ड आले, मी कार्यालयात जाऊन सही केली आणि काम पाच मिनिटांत झाले. चूक माझी होती आणि ती सुधारण्याची संधी मला आपणहून कळवण्यात आली, यासाठी मी या सेवेला जास्तीचे गुण देते. सूचनांच्या कागदावर मात्र सहीची सूचना इतर मजकुराच्या आकारातच छापलेली होती. ज्या एका कृतीवर सारे मत अवलंबून आहे ती ठळक अक्षरांत, इतरांपासून वेगळी दिसायला हवी.

मतपत्रिका कुठे आहे हे ‘माय व्होटर पेज’ या राज्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. ती पाठवली कधी, परत मिळाली कधी, तिच्यात दोष आढळला का, याची नोंद तिथे होते. दिसायला ते संकेतस्थळ साधेसुधे आहे, पण काम करते. अपंग मतदारांना मतपत्रिका संगणकावर भरून छापता येते, अशीही सोय आहे.

वेळेची अट कडक आहे आणि ती प्रत्येकाने नीट समजून घ्यावी. मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजेपर्यंत मतपत्रिका क्लर्कच्या हाती पोचलीच पाहिजे. लिफाफ्यावर टपालखात्याचा शिक्का कोणत्या तारखेचा आहे याला येथे किंमत नाही. टपालाने पाठवायची असेल तर आठवडाभर आधी पाठवावी, अन्यथा गावाच्या कार्यालयाबाहेरील पेटीत टाकावी किंवा मतदानकेंद्रावर स्वतः नेऊन द्यावी. एकदा परत केलेली मतपत्रिका बदलता येत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी उत्साहाने पाठवून देण्याचेही तोटे आहेत. केंद्रावर जाऊनच मत द्यायचे असेल तर घरी आलेली मतपत्रिका सोबत न्यावी. ती नेली नाही तर आपण आधी मतदान केलेले नाही असे प्रतिज्ञापत्र लिहून द्यावे लागते. घर बदलले असेल तर नोंद आधीच बदलून घ्यावी, कारण मतपत्रिका चेकलिस्टवरच्या, म्हणजे येथील मतदारयादीवरच्या, पत्त्यावर जाते. मात्र नोंदणीच राहून गेली असेल तरी हताश होण्याचे कारण नाही. मतदानाच्या दिवशीही नाव नोंदवता येते. त्यासाठी मतदाराची एक जुनी शपथ घ्यावी लागते, जिचा आशय असा की कोणाची भीती वा भीड न बाळगता, राज्याचे हित कशात आहे हे स्वतःच्या सदसद्विवेकाला विचारून मी मत देईन. नागरिकत्व मिळाल्यावर मी ती घेतली तेव्हा मला ती औपचारिकता वाटली होती. मतपत्रिका दहा दिवस टेबलावर असताना ती बऱ्याचदा आठवली.

या सेवेच्या जन्माची कथा गव्हर्नरांशीच जोडलेली आहे. २०२० मध्ये साथीच्या काळात सर्वांना मतपत्रिका पाठवाव्यात यासाठी राज्याच्या निवडणुकांचे काम पाहणारे तेव्हाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट जिम कोन्डोस आग्रही होते, तर स्कॉट यांना निर्णयाची घाई नको होती. अखेर विधिमंडळाने या बाबतीत गव्हर्नरांच्या संमतीची अटच काढून टाकली. पुढच्या वर्षी, जून २०२१ मध्ये, ही व्यवस्था कायमची करणाऱ्या विधेयकावर स्कॉट यांनी सही केली. इतकेच नव्हे, तर ती प्राथमिक आणि स्थानिक निवडणुकांनाही लागू करावी असे विधिमंडळाला सुचवले. २०२४ पर्यंत तसे झाले नाही, आणि माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

नोव्हेंबरचा गव्हर्नर ठरलेला असेल तर थोडीफार चुरस उरते ती ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी. स्कॉट यांच्यापुढे कोण उभे राहणार हे तेव्हाच ठरते, आणि जेथे एकाच पक्षाचे वर्चस्व आहे अशा मतदारसंघांत आमदारही तेव्हाच ठरतो. त्या दिवशी मतदान नोव्हेंबरपेक्षा बरेच कमी होते आणि मतपत्रिका मागितल्याशिवाय घरी येत नाही. न पाठवण्यामागे अडचण नाही असे नाही. व्हरमाँटमध्ये मतदाराची पक्षवार नोंद नसते, त्यामुळे प्राथमिक निवडणुकीत प्रत्येकाला डेमोक्रॅटिक, रिपब्लिकन आणि प्रोग्रेसिव्ह अशा तीन मतपत्रिका द्याव्या लागतात. त्यांतली एकच भरायची आणि उरलेल्या दोन कोऱ्या, वेगळ्या लिफाफ्यात, परत करायच्या असतात. यात मतदारांचा गोंधळ होतो हे २०२० ने दाखवले. परंतु तेव्हा दोष दुरुस्त करण्याची सोय नव्हती आणि आता ती आहे, तेव्हा ही सबब पूर्वीइतकी पक्की राहिलेली नाही.

दुसरी उणीव माहितीची. ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत मतपत्रिकेखेरीज उमेदवारांची निवेदने असलेली छापील पुस्तिका घरोघर पाठवतात. माझ्या लिफाफ्यात तसे काही नव्हते. सर्वांना परिचित असलेल्या गव्हर्नरला अशा पुस्तिकेची गरज नसते. तिचा फायदा प्रथमच उभ्या राहिलेल्या, जाहिरातीला पैसा नसलेल्या उमेदवाराला झाला असता. पुस्तिका नसल्यामुळे लिफाफा आधीच प्रसिद्ध असलेल्याच्या बाजूला किंचित झुकतो, असे मला वाटते. ज्यांच्याकडे इंटरनेट आणि मोकळे दिवस दोन्ही आहेत त्यांनी माझ्यासारखे शोधून वाचावे, पण सर्वांकडून ही अपेक्षा ठेवता येत नाही.

नोव्हेंबरच्या सेवेला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. ऑगस्टसह पूर्ण वर्षाचा विचार केला तर साडेतीन. हा एक गुण अर्जाने भरून काढता येतो, आणि अर्ज करणे अवघड नाही: वर्षाच्या सुरुवातीला एकदाच मागणी नोंदवली तर त्या कॅलेंडर वर्षातल्या सर्व निवडणुकांच्या मतपत्रिका घरी पाठवल्या जातात. मी आता मार्चमधील टाउन मीटिंगच्या, म्हणजे गावसभेच्या, मतपत्रिकेची मागणी करतानाच ऑगस्टचाही रकाना भरून ठेवते.